हत्यारवाला समोर आला तर रिकाम्या हातांनी काय करता येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सर एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आहेत. एका प्रशिक्षकाने त्यांच्याकडे दोन दिवसांच्या शिबिराचा प्रस्ताव दिला आहे. चाकू, कोयता आणि पिस्तूल 'हिसकावून घेण्याचे' डाव शिकवणार, शेवटी प्रात्यक्षिक आणि प्रमाणपत्र. सरांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत : रिकाम्या हातांनी हत्यारवाल्यापुढे खरोखर निभाव लागतो का, आणि हे शिकवलं तर मुलांचा फाजील आत्मविश्वास वाढून उलटच व्हायचं नाही ना?

सर, तुमची दुसरी शंका रास्त आहे. मी सुरुवातीपासून कराटे शिकवतो. पुढे काली या फिलिपाइन्सच्या युद्धकलेतला चाकूचा सराव केला. सुरक्षारक्षक, बँकेतले लोक, कॉलेजच्या मुली अशा सगळ्यांना शिकवलं. त्या अनुभवावर सांगतो, असलं शिबिर जसं कागदावर आहे तसं घेऊ नका. पण विषय सोडूनही देऊ नका. शिकवण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त 'हिसकावणे' त्यात सगळ्यात शेवटी येतं आणि तेही थोडंसंच.

आधी प्रात्यक्षिकाबद्दल बोलू, कारण सगळी भुरळ तिथेच पडते. तुम्ही गणेशोत्सवात किंवा गॅदरिंगला पाहिलंच असेल. विद्यार्थी चार पावलांवरून येतो, एकदाच सरळ भोसकतो आणि हात तसाच पुढे ताणून थांबतो. प्रशिक्षक मनगट धरतो, पिरगळतो, चाकू खाली, टाळ्या. यात खोटं काही नाही, पण तो 'काता' आहे, म्हणजे ठरवून केलेली जोडीची कवायत. ज्युदोच्या कोडोकान संस्थेने १९५६ मध्ये स्वसंरक्षणाचा असाच एक काता तयार केला. त्यात एकवीस प्रकार आहेत, त्यातले नऊ हत्याराविरुद्धचे : खंजीर तीन, काठी तीन, पिस्तूल तीन. सुंदर काता आहे, मी स्वतः आवडीने करतो. पण तो करणाऱ्याला ठाऊक असतं की समोरचा भिडू हात मागे ओढणार नाही.

खरा हल्लेखोर हात मागे ओढतो. आणि लगेच परत मारतो. डाव्या हाताने कॉलर किंवा केस धरायचे आणि उजव्याने शिलाई मशीनच्या सुईसारखं पोटात-बरगडीत खालीवर करत राहायचं, चाकूचे हल्ले बहुतेक असे होतात. चाकू आधी दिसतही नाही. मांडीमागे, शर्टाखाली, वर्तमानपत्राच्या घडीत असतो. जखमी झालेले कित्येक जण सांगतात की आपल्याला वाटलं, तो बुक्क्या मारतोय. रक्त दिसल्यावर कळलं. म्हणून 'चाकू आला की उजव्या पायावर वळा, डाव्या हाताने मनगट धरा' असल्या शिकवणीचा उपयोग कमी. मनगट धरायला ते जागेवर थांबायला हवं ना.

अंतराचा एक आकडा मुलांना जरूर सांगा. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिस दलात डेनिस ट्युलर नावाचे सार्जंट होते. त्यांनी १९८३ मध्ये एका लेखात मांडलं की, चाकू घेतलेला साधारण धडधाकट माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि कमरेचं पिस्तूल काढून नेम धरून गोळी झाडायला प्रशिक्षित पोलिसालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. २१ फूट म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपास. कमरेला पिस्तूल असलेल्याची ही गत, तर आपण हात हलवत उभे असतो तेव्हा काय? लोक या आकड्याचा नियम करून टाकतात, तसा तो नाही. जागा, उजेड, माणूस यावर बदलतो. पण मैदानावर चुना टाकून तेवढं अंतर आखा आणि एकाला पळत यायला सांगा. बघणाऱ्यांचे चेहरे बदलतात. व्याख्यानाने होत नाही ते काम एवढ्याने होतं.

दुसरा प्रयोग शाईचा. मी पहिल्याच तासाला करतो. जुने पांढरे बनियन किंवा टी-शर्ट घालून यायला सांगायचं. रबरी सुरीच्या धारेला ओली लाल शाई किंवा पाण्यात कालवलेलं कुंकू लावायचं. डोळ्यांना बंद गॉगल दोघांच्याही, यात तडजोड नाही. हल्ला करणाऱ्याला एवढंच सांगायचं : अर्धा मिनिट, तुला हवं तसं मार, हात मागे ओढ. बचाव करणाऱ्याला सांगायचं : तुला येतं ते सगळं कर. अर्ध्या मिनिटानंतर दोघं थांबतात तेव्हा बनियनवर रेघाच रेघा असतात. पोटावर, काखेत, गळ्याखाली, आणि बचाव करणाऱ्याच्या हातांवर तर लालच लाल. ब्लॅक बेल्टवाले जरा जास्तच गोंधळतात, कारण त्यांना काहीतरी 'करून दाखवायचं' असतं. 'सर, पण तो हात परत ओढतोय!' ही तक्रार मला दर बॅचला ऐकायला मिळते.

आता तुमच्या प्रशिक्षकाची परीक्षा याच प्रयोगाने घ्या. मुलांसमोर नको, तुमच्या ऑफिसात, नम्रपणे विचारा : 'सर, आपण शिबिरात शाईचा सराव घेता का?' ज्याला विषय कळतो तो लगेच हो म्हणेल आणि स्वतःच्या अंगावर किती रेघा उमटतात तेही हसत सांगेल. 'त्याची गरज नाही, माझा डाव बसला की चाकू सुटतोच' असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या. खरा चाकू वापरून प्रात्यक्षिक, पोटावर नारळ फोडणे, तोंडात धरलेली काकडी तलवारीने कापणे असं काही प्रस्तावात असेल तर चहाही नको.

मग शिकवायचं काय? पहिलं, तिथून निघून जाणं. हे ऐकून मुलं हिरमुसतात. पण पळण्याचाही सराव लागतो. माणूस पाठ वळवून एकदम धावत नाही, आधी थिजतो. थिजणं हा भित्रेपणा नाही, शरीराची ती पहिली प्रतिक्रियाच आहे आणि ती मोडायला सराव हवा. मी एक साधा खेळ घेतो. मुलं गप्पा मारत उभी असतात, त्यांच्यातल्या एकाकडे रबरी सुरी लपवलेली असते. ती बाहेर आली की सगळ्यांनी 'चाकू! चाकू!' असं ओरडत ठरलेल्या दाराकडे धावायचं. पहिल्या खेपेला निम्मी मुलं जागच्या जागी खिळतात, काही हसतात. चौथ्या-पाचव्या खेपेला सुरी दिसायच्या आत, नुसता खांदा हललेला पाहून, एखादी मुलगी निघालेली असते. ते बघण्याची सवय लागली हेच कमावलं.

ओरडायचं काय, हेही ठरवून द्या. नुसतं 'वाचवा वाचवा' ऐकलं की रस्त्यावरचे लोक दोघांचं घरगुती भांडण समजून बघत राहतात. 'चाकू', 'कोयता' हा शब्द ऐकला की पाठ वळलेली माणसंही वळून पाहतात, दुकानदार बाहेर येतात आणि कुणीतरी ११२ ला फोन लावतं.

पळता येत नसेल तर मध्ये काहीतरी आणा. उभी केलेली मोटरसायकल, रिक्षा, भाजीची हातगाडी, वर्गातला बाक. बाकाभोवती फिरत राहिलात तर चाकूवाल्याला पोहोचता येत नाही आणि तेवढ्या वेळात माणसं जमतात. प्लॅस्टिकची खुर्ची पाय पुढे करून धरली तर चांगली ढाल होते. चार पायांमध्ये हत्याराचा हात अडकतो. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या, आत वह्या-पुस्तकं असतीलच. आणि हेल्मेट. पुण्यात हेल्मेट या विषयावर काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहीत आहे, तरी सांगतो, दुचाकीवर असताना कोयत्याचा वार डोक्यावर आला तर ते काढण्याची घाई करू नका. प्रतापगडाची गोष्ट सांगताना आपण सगळे वाघनखांवर येऊन थांबतो. १० नोव्हेंबर १६५९ ला खानाने आधी कट्यार चालवली होती आणि अंगरख्याखाली चिलखत होतं म्हणून तो वार वाया गेला, हे पोवाड्यात कुणी घोळवून म्हणत नाही.

पैसे, मोबाइल, चेन मागणाऱ्याला देऊन टाका. त्याच्या हातात देऊ नका, थोडं बाजूला टाका आणि उलट दिशेला चालू लागा. याला डाव म्हणायचं तर म्हणा, पण माझ्या मते लुटारूपुढे याहून चांगला डाव नाही. मात्र 'गाडीत बस', 'तिकडे चल' असं कुणी हत्यार दाखवून म्हणत असेल तर गोष्ट वेगळी. त्याला तुम्हाला अशा जागी न्यायचंय जिथे कुणी बघणार नाही. आरडाओरडा, धडपड, जे काय करायचं ते आहे त्या जागी, लोकांसमोर करावं.

आणि यातलं काहीच शक्य नाही, भिंतीला पाठ लागलेली आहे आणि वार सुरू झालेत, तेव्हाच अंगाला अंग भिडवायची वेळ येते. इथे मी एकच गोष्ट शिकवतो, पण ती घोटून घेतो. हत्याराचा हात दोन्ही हातांनी धरायचा. एक पकड मनगटाच्या जरा वर, दुसरी कोपरापाशी, आणि तो हात आपल्या छातीशी आवळून त्याच्यासकट भिंतीकडे किंवा जमिनीकडे रेटायचं. डोकं त्याच्या खांद्याला घट्ट चिकटवायचं, म्हणजे त्याच्या मोकळ्या हाताचे ठोसे चेहऱ्यावर नीट बसत नाहीत. ठोसे बसतीलच, बसू द्यायचे. ठोशाने माणूस सहसा मरत नाही, सुटलेल्या हाताने मरू शकतो. गुडघा, टाच, डोकं जे चालेल ते चालवायचं, पण पकड सोडायची नाही. तो लटपटला, हत्यार पडलं किंवा माणसं आली की मगच सोडून पळायचं. पकड मिळण्याआधी हात पुढे आलेच तर तळवे आणि मनगटाची आतली बाजू आपल्याकडे ठेवावी, बाहेरची बाजू त्याच्याकडे. मोठ्या रक्तवाहिन्या आणि बोटं मिटवणाऱ्या कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) आतल्या बाजूला असतात. त्या कापल्या तर मूठच वळत नाही, मग पकड कसली धरणार?

तालमीतल्या पोरांना हे कराटेवाल्यांपेक्षा लवकर जमतं, असा माझा अनुभव आहे. कुस्ती खेळणाऱ्याला समोरचा हात हिसडून घेणारच हे गृहीतच असतं. पकड सुटली की दुसरी कशी घ्यायची हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. तुमच्या गावात तालीम असेल तर वस्तादांना एक दिवस बोलवा. दोन दिवसांच्या शिबिराच्या फीपेक्षा स्वस्तात मोलाचं काम होईल.

कोयत्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुमच्या भागात मुलांच्या डोक्यात तोच आहे. कोयता चाकूसारखा भोसकत नाहीत, वरून किंवा आडवा फिरवतात. पातं जड असतं, वजन पुढच्या बाजूला. त्यामुळे घाव मोठा बसतो, पण फुकट गेलेला वार परत उचलायला चाकूपेक्षा क्षणभर जास्त लागतो. जागा दोनच बऱ्या : पूर्ण लांब, नाहीतर त्याच्या दंडाला दंड लागेल इतकं जवळ. हातभर अंतरावर, जिथे लोक हात वर करून मागे मागे सरकत राहतात, तिथे पात्याचा सगळ्यात जोरकस भाग येतो. जवळ जाणं मनाला पटत नाही, पण शाईच्या सरावात लाकडी कोयता घेऊन हे तपासून बघता येतं. मागे सरकणाऱ्याच्या हातांवर रेघा दिसतात, खांद्याला भिडलेल्याच्या पाठीवर फार तर एखादी. तरीही, लांब जाता येत असेल तर लांबच जा. भिडणं हा नाइलाज आहे.

पिस्तुलाचं प्रकरण मी शिबिरातून काढूनच टाकेन. कॉलेजच्या मुलांनी गावठी कट्ट्यावर हात टाकण्याचा सराव दोन दिवसांत करावा असं त्यात काही नाही. काय लागतं हे बघायचं असेल तर २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली आणि अंगात गोळ्या घुसत असतानाही सोडली नाही, म्हणून सहकाऱ्यांना त्याला जिवंत पकडता आलं. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. हत्यार धरलं की सोडायचं नाही हे त्यातून दिसतं, आणि त्याची किंमतही दिसते. या घटनेचा 'पाहा, असं हिसकावता येतं' असा दाखला एका प्रशिक्षकाने दिलेला मी ऐकलाय. मला तेव्हा बसवेना.

मुलींच्या बाबतीत हल्लेखोर बहुतेक वेळा अनोळखी नसतो, आणि शिबिरात नेमकी हीच गोष्ट गाळली जाते. २७ जून २०२३ ला सकाळी पुण्यात सदाशिव पेठेत एका तरुणीवर भर रस्त्यात कोयत्याने हल्ला झाला. हल्ला करणारा तिच्या ओळखीचा होता. ती जीव घेऊन धावली, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांनी पुढे होऊन त्याला अडवलं म्हणून वाचली. यात शिकण्यासारखं बरंच आहे. ती पळत राहिली, थांबली नाही. तिला वाचवणारे समोरासमोर द्वंद्व खेळले नाहीत. एकाने वार अडवून पकड घेतली आणि बाकीचे लगोलग आले. एकट्याने नायक होण्यापेक्षा तिघांनी मिळून एक हात धरणं जास्त सोपं असतं, हे मुलांना वेगळं बसवून शिकवा. दोघे हत्याराच्या हातावर, एक पायांवर, चौथ्याने ११२ ला फोन. असा सराव मी कुठल्याच प्रस्तावात पाहिलेला नाही.

ओळखीचा हल्लेखोर एका दिवसात कोयता उचलत नाही. आधी सतत फोन, मग पाठलाग, मग 'बघून घेईन'. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. मुलींना आणि त्यांच्या आईवडलांनाही हे माहीत हवं, कारण 'आपलीच बदनामी होईल' म्हणून घरातूनच दडपलं जातं. दामिनी पथकातल्या एखाद्या महिला पोलिसाला तासभर बोलवून हा भाग तिच्याकडून ऐकवा. धमकीचे मेसेज डिलीट न करता जपून ठेवणं हेही स्वसंरक्षणच आहे.

कायद्याचा प्रश्न मुलं हमखास विचारतात : 'सर, आपण मारलं आणि त्यालाच लागलं तर आपल्यावर केस?' १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये येतो. जुन्या दंड संहितेत ही ९६ ते १०६ होती. सार असं की, वार होईपर्यंत थांबायची गरज नाही. जिवाला किंवा शरीराला धोका आहे अशी वाजवी भीती वाटली की हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंत राहतो. जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी परिस्थिती असेल, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला असेल, तर हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचतो. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे मुद्दे ओळीने मांडले आहेत, आणि धोक्यात सापडलेल्या माणसाने आपला बचाव सोन्याच्या तराजूत तोलून करावा अशी अपेक्षा नाही असाही त्याचा आशय आहे.

पण मर्यादा तितक्याच स्पष्ट आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा चालत नाही. हत्यार खाली पडलं, तो पळायला लागला, आणि मग पाठलाग करून चौघांनी मिळून तुडवला, तर तो बचाव राहत नाही. आपल्याकडे जमावाचा हात एकदा सुरू झाला की थांबत नाही, म्हणून हे शिबिरात ठासून सांगावं लागतं. 'आपणही एक चाकू जवळ ठेवू' हा विचारही मुलांच्या डोक्यातून काढा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरांत वरचेवर हत्यारबंदीचे आदेश निघतात, मोडले तर कलम १३५ लागतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, घाबरलेल्या माणसाच्या हातातला चाकू पहिल्या झटापटीत दुसऱ्याच्या हातात जातो.

त्यापेक्षा पेपर स्प्रे बरा. त्याला परवाना लागत नाही, अंतर राखून वापरता येतो. पण पर्सच्या तळाशी, चाव्या आणि कंगव्याखाली असलेला स्प्रे नसल्यासारखाच. वाऱ्याची दिशा, बंद रिक्षात आपल्याच डोळ्यांत जाणं, डब्यावरची मुदत, हे दाखवायला हवं. मोकळ्या मैदानावर एखादा संपवायला द्या, म्हणजे फवारा किती लांब जातो याचा अंदाज येतो. घरी केलेलं तिखटाचं पाणी मला कधी भरवशाचं वाटलं नाही.

आता ज्या भागाला प्रस्तावात एक ओळही नाही, पण मी सगळ्यात जास्त वेळ देईन, तो म्हणजे रक्त थांबवणं. चाकूच्या हल्ल्यात बचाव यशस्वी झाला तरी कापलं जाण्याची शक्यता मोठी असते. मांडीतली किंवा दंडातली मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांत जीव जातो. तोवर अँब्युलन्स येत नाही, शेजारी उभा असलेला मित्रच असतो. हल्ला संपला की आधी स्वतःला चाचपायचं : मान, काखा, बरगड्या, पोट, जांघा, पाठ. अंगात जोश असतो तोवर दुखत नाही, म्हणून हात फिरवून तळहात बघायचा, लाल झाला का. जखम सापडली की स्वच्छ कापड, ओढणी, रुमाल घेऊन सगळ्या वजनाने दाबायचं आणि 'थांबलं का' म्हणून दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. खोल जखमेत, मांडीच्या सांध्यात किंवा काखेत, कापड आत बोटाने ठासून भरून वरून दाबावं लागतं. पोट आणि छाती यात मात्र काही कोंबायचं नाही. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या दोन-तीन बोटं वर, सांध्यावर न येता, रुंद पट्टी बांधून त्यात मजबूत काठी अडकवून पिळायची, रक्त थांबेपर्यंत. ते दुखतं, जखमी ओरडतो, तरी सैल करायचं नाही. बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. दोरी किंवा बुटाची नाडी चालत नाही, ती मांस कापते.

अंगात रुतलेला चाकू उपसायचा नाही. तोच आत बूच बनून बसलेला असतो. भोवती कापड लावून तो हलणार नाही असं करायचं आणि तसंच दवाखान्यात न्यायचं. १०८ ला फोन करायचा. 'पोलिस केस आहे, आधी पोलिस आणा' असं दवाखान्याने म्हणायचं नसतं. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय की आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. फिर्याद कुठल्याही पोलिस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. रक्ताचे कपडे धुऊ नयेत, ते कागदी पिशवीत ठेवावेत.

दोन दिवस की किती, याबद्दल. २०१५ मध्ये कॅनडातल्या तीन विद्यापीठांतल्या मुलींवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन-तीन तासांची चार सत्रं, एकूण बारा तास : धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाला ठामपणे नाही म्हणणं, आणि शारीरिक प्रतिकार. वर्षभरानंतर पाहिलं तर प्रशिक्षण घेतलेल्या गटात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के होतं, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के. हा अभ्यास हत्यारी हल्ल्याचा नव्हता, त्यामुळे जसाच्या तसा लावू नका. पण बारा तासांतही फरक पडतो आणि त्यातला मोठा वाटा लाथाबुक्क्यांच्या आधीच्या गोष्टींचा असतो, एवढं त्यातून घेता येतं. म्हणून मी सलग दोन दिवसांऐवजी चार रविवार मागेन, तीन-तीन तास. मधल्या आठवड्यात मुलं आपसात खेळतात, विसरतात, पुढच्या रविवारी प्रश्न घेऊन येतात. सलग दोन दिवसांत ती फक्त दमतात.

पहिला रविवार अंतर, शाई आणि पळणं. दुसरा दोन हातांची पकड, तालमीतल्या वस्तादांसोबत. तिसरा गटाने अडवणं, आणि दामिनी पथक व एखादे वकील यांच्याशी बोलणं. चौथा पूर्ण प्राथमिक उपचार, शेजारच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून, प्रत्येकाने पट्टी स्वतः पिळून पाहायची. काही महिन्यांनी एकदा दोन तासांची उजळणी ठेवलीत तर उत्तमच.

एक जपा. बॅचमध्ये असा प्रसंग स्वतःवर किंवा घरात आलेली एखादी मुलगी किंवा मुलगा असू शकतो, आणि रबरी सुरी अंगावर आली की ती व्यक्ती कोसळू शकते. सुरुवातीलाच सांगून ठेवा की कुणालाही कधीही बाजूला बसता येईल, कारण विचारलं जाणार नाही, आणि एक शिक्षिका पूर्ण वेळ मैदानावर असू द्या. प्रशिक्षक मुलींना 'घाबरलीस का?' म्हणून सगळ्यांसमोर ओढत असेल तर त्याला तिथेच थांबवायचा अधिकार तुमचा आहे, तो करारातच लिहून घ्या.

करारात आणखी तीन गोष्टी घाला : खरं हत्यार मैदानावर येणार नाही, डोळ्यांच्या गॉगलशिवाय सराव होणार नाही, आणि प्रमाणपत्रावर 'तज्ज्ञ', 'प्रशिक्षित कमांडो' असलं काही छापलं जाणार नाही, फक्त उपस्थितीचे तास. शेवटच्या अटीवर प्रशिक्षक कुरकुर करतील. मुलं दोन रविवार कुरकुर करतील. पांढऱ्या बनियनचा खर्च मात्र तुमच्या योजनेच्या निधीतून करा, घरून आणायला सांगितलं की आया नवे कोरे पाठवतात आणि मग कुंकवाचे डाग निघत नाहीत म्हणून फोन तुम्हालाच येतात.